पन्हळीवर जाळी बसवावी का? गटर गार्ड कोणत्या घराला उपयोगी, कोणत्या घराला नाही

छपराच्या कडेला लावलेल्या पन्हळीवर जाळी बसवायची, वरून पाण्यासोबत पाला ओतायचा आणि पाणी आत, पाला बाहेर असे दाखवायचे, अशा जाहिराती मोबाइलवर हल्ली सर्रास दिसतात. या वस्तूचे नाव गटर गार्ड. नावावरून घोटाळा होतो, कारण आपल्याकडे गटर म्हणजे सांडपाण्याचे. विदर्भात तर त्याला नालीच म्हणतात. इथे गटर म्हणजे पन्हळ. छपरावरचे पाणी गोळा करून पाइपातून खाली आणणारी पत्र्याची किंवा पीव्हीसीची अर्धनळी.

ही जाळी घ्यावी का, याचे उत्तर घर कुठे आहे यावर बरेच ठरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीचे उदाहरण घेऊ. जवळच पैनगंगा अभयारण्याचे सागाचे जंगल, पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. घरे कुठे स्लॅबची, कुठे टिनपत्र्यांची, कुठे कवेलूची.

आधी हे पाहा: घराला पन्हळ आहे का?

प्रश्न साधा वाटेल, पण इथेच बरीच घरे यादीतून गळतात. टिनाच्या किंवा कवेलूच्या छपराचे पाणी अनेक घरी पागोळ्यांनी सरळ अंगणात पडते. पन्हळच नसेल तर जाळीचा प्रश्न येत नाही. स्लॅबच्या घरालाही गटर गार्ड लागत नाही. तिथे पाणी गच्चीच्या कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडातून उतरते आणि त्या तोंडावर घुमटाच्या आकाराची छोटी जाळी पुरते. सपाट जाळी मात्र टाळावी. एक मोठे पान आडवे बसले की ती बंद होते आणि गच्चीवर तळे साचते.

झाडाचे कॅलेंडर

गटर गार्डची कल्पना थंड देशांतून आली आहे. तिथे पानगळ आणि पाऊस एकाच हंगामात येतात, त्यामुळे पन्हळ पुन्हा पुन्हा भरते. आपल्याकडच्या पानझडी जंगलाचा क्रम वेगळा आहे. साग हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पाने टाकतो, पळसही उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण होतो. म्हणजे मृग लागण्याआधीच पाला पडून गेलेला असतो. मे महिन्याच्या शेवटी एकदा पन्हळ झाडून काढली, की सागामुळे पावसाळ्यात फारसा त्रास होत नाही. वळवाच्या वादळाने फांद्या-पाने उडवली तर आणखी एकदा पाहावे लागते, एवढेच.

कडुनिंबाचे तसे नाही. त्याच्या निंबोळ्या ऐन पावसाळ्याच्या सुरुवातीला पिकून गळतात. बारीक पाने, काड्या आणि चिकट गर मिळून पन्हळीत लगदा होतो. छपरावर कडुनिंबाची फांदी आलेली असेल तर जाळीचा विचार करण्यासारखा आहे. चिंच आणि शेवगा आणखी चिवट: त्यांची पानोळी इतकी लहान की मोठ्या छिद्रांच्या जाळीतून थेट आत जातात आणि बारीक जाळीवर ओली होऊन चिकटून बसतात. अशा झाडाखाली कोणतीही जाळी घेतली तरी हाताने साफसफाई चुकत नाही. फांदी छाटणे हाच तिथे स्वस्त उपाय.

किती पाणी, आणि ते जाते कुठे?

खरा निर्णय इथे होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 1000 चौरस फूट छप्पर म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. हंगामात 900 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी 67 हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येते. हे पाणी टाकीत, विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणात जात असेल तर पन्हळ तुंबणे म्हणजे थेट नुकसान. पाणी नुसते अंगणातून नालीला जाणार असेल, तर जाळीवर पैसे घालण्यात फार अर्थ नाही.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारणाची अट आहे. लहान घरांना तशी सक्ती नाही, पण बोअर आटणाऱ्या गावात ते हिताचेच.

मात्र जाळी म्हणजे फिल्टर नव्हे, आणि जाहिरातींमध्ये हाच फरक पुसला जातो. जाळी पाने अडवते. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पत्र्याचा गंज अडवत नाही. म्हणून हंगामाचा पहिला पाऊस आणि मोठ्या उघडिपीनंतरची पहिली सर बाहेर सोडून द्यावी लागते, आणि त्यानंतरचे पाणीही गिट्टी-वाळूच्या गाळणीतून न्यावे लागते. तसे न करता पाइप सरळ बोअरमध्ये सोडला तर छपरावरची घाण भूजलात जाते, आणि ती परत काढता येत नाही. बजेट एकाच गोष्टीला पुरणार असेल तर ते गाळणीला द्यावे. जाळी नंतर.

जाळी काय करू शकत नाही

तासाला 50 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला तर याच छपराच्या अर्ध्या बाजूवरून मिनिटाला सुमारे 38 लिटर पाणी पन्हळीत येते. उतारावरून वेगाने आलेले पाणी बारीक जाळीवरून उडी मारून पुढे निघून जाते. उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ जाळीवर बसलेली असेल तर पहिल्या सरीत तिचा चिखल होतो आणि हे जास्तच घडते. जुलै 2023 च्या अतिवृष्टीत शेजारच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. तसल्या पावसात पन्हळ भरून वाहणारच, जाळी असो वा नसो.

डासांचेही तसेच. पन्हळीत पाणी साचते ते उतार चुकल्यामुळे. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास होऊ शकते, आणि वर जाळी असेल तर ते पाणी खालून दिसतही नाही. दर 10 फुटांना पाव ते अर्धा इंच उतार पाइपाच्या दिशेने हवा. आधी तो तपासा.

विदर्भात आणखी एका पाहुण्याचा हिशेब ठेवावा लागतो: वानरांचा. टिनावर उड्या मारणाऱ्या टोळीपुढे चिमट्याने अडकवलेली प्लास्टिकची जाळी टिकत नाही. शिवाय 45 अंशांच्या उन्हात स्वस्त प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकू लागते. घ्यायचीच तर धातूची, स्क्रूने घट्ट बसणारी आणि साफसफाईसाठी काढता येणारी घ्यावी. फोम आणि ब्रशचे प्रकार आपल्या धुळीत लवकर गच्च होतात, ते सोडून द्यावेत.

मग कोणी घ्यावी?

छपरावर कडुनिंबासारखे झाड, पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था, आणि वर चढायला घरात कोणी धडधाकट नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर जाळी पैसे वसूल करते. तिसरा मुद्दा हलक्यात घेऊ नये. सिमेंटचे पत्रे माणसाच्या वजनाने फुटतात, ओल्या टिनावर पाय घसरतो, आणि जवळून विजेची तार गेली असेल तर धोका वाढतो. वयस्क माणसे दोघेच राहत असतील, तर वर्षात एक चढ वाचणेही मोलाचे.

बाकीच्यांनी हिशेब करावा. पन्हळीची लांबी मोजून जाळीचा एकूण खर्च काढा आणि वर्षाला साफसफाईची जी मजुरी पडते तिने भागा. उत्तर पाच-सहा वर्षांपेक्षा जास्त आले तर नकोच. पाइपाच्या तोंडाशी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी जस्ताचा मुलामा दिलेली तारजाळी गोळा करून, उभ्या फुग्यासारखी खोचली तरी पाइप तुंबायचा थांबतो. शंका असेल तर आधी फक्त झाडाखालच्या 10 फुटांवर जाळी बसवा आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीत खाली उभे राहून पाहा: पाणी पाइपातून उतरते की जाळीवरून अंगणात पडते.