ब्रिज-संकेतलेखन

काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात परस्परांचे भिडू असलेल्या दोन खेळाडूंनी आपल्या बोलींचे व पानांच्या उतारीचे ठरविलेले अर्थ संयुक्तपणे लिहून ठेवण्याची प्रथा. या लेखनाचे दोन प्रकार आढळतात : प्रतिस्पर्ध्यांना टेबलावर दाखविण्यासाठी भरलेले छापील, संक्षिप्त ‘संकेतपत्रक’ आणि जोडीने स्वतःच्या अभ्यासासाठी तयार केलेली सविस्तर ‘टिपणे’. पहिल्याचा विस्तार एक-दोन पानांचा असतो. दुसऱ्याचा काही पानांपासून शेकडो पानांपर्यंत असू शकतो. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ही टिपणे संगणकजालावरील सामायिक संपादन-साधनांच्या साहाय्याने लिहिण्याची पद्धत रूढ झाली.

अशा लेखनाची गरज खेळाच्या रचनेतूनच निर्माण होते. ५२ पानांतून एका खेळाडूला मिळणाऱ्या १३ पानांचे ६,३५,०१,३५,५९,६०० निरनिराळे संच संभवतात. त्यांचे वर्णन भिडूला करण्यासाठी मात्र एकूण ३८ उच्चार उपलब्ध असतात : १ ते ७ या सात पायऱ्यांवर किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकूम अशा ३५ बोली आणि त्यांखेरीज पास, डबल व रिडबल. बोली चढत्या क्रमानेच लावाव्या लागत असल्याने प्रत्येक उच्चाराचा अर्थ आधीच्या उच्चारांवर अवलंबून राहतो. म्हणजेच बोली ही अत्यल्प शब्दसंग्रहाची, पण बरेचसे व्याकरण असलेली एक भाषा होय. ही भाषा दोघांची असली, तरी ती गुप्त ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे. संकेतलेखनाचा इतिहास हा मुख्यतः या दुहेरी बंधनाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : ब्रिजचा पूर्वज असलेल्या व्हिस्ट या खेळात बोली नव्हती, तथापि पाने टाकण्याच्या क्रमाने भिडूला सूचना देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. अनावश्यक मोठे पान आधी व लहान पान नंतर टाकून हुकूम खेळण्याची विनंती करणे, हा त्यांतील प्रसिद्ध संकेत होय. असे संकेत न्याय्य की अन्याय्य, याविषयी त्या काळी बराच वाद झाला. संकेताचा अर्थ चौघांनाही ठाऊक असेल, तर तो खेळाचा भाग ठरतो आणि दोघांनाच ठाऊक असेल, तर ती फसवणूक ठरते, हे त्या वादातून पुढे आलेले तत्त्व ब्रिजमध्येही मान्य झाले.

अमेरिकन खेळाडू हॅरल्ड व्हँडरबिल्ट (१८८४–१९७०) यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावरील प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणदानपद्धती सिद्ध केली. जितक्या दस्तांची बोली लावली असेल, तितक्यांचेच श्रेय डाव पुरा करण्यासाठी धरावयाचे, या नियमामुळे अचूक बोलीला एकाएकी मोठे महत्त्व आले. १ किल्वर ही बोली त्या रंगाऐवजी बलाढ्य पाने दाखविण्यासाठी वापरण्याची कृत्रिम पद्धतीही व्हँडरबिल्ट यांनीच प्रसृत केली. एली कल्बर्ट्‌सन (१८९१–१९५५) यांचे काँट्रॅक्ट ब्रिज ब्लू बुक हे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात न्यूयॉर्क येथे त्यांनी सिडनी लेंझ यांच्याविरुद्ध १५० रबरांचा सामना ८,९८० गुणांनी जिंकला. दोन खेळाडूंइतकाच दोन बोलीपद्धतींचा सामना म्हणूनही तो गाजला. पुढे चार्ल्स गोरेन (१९०१–९१) यांनी एक्का ४, राजा ३, राणी २ व गुलाम १ अशी गुणमोजणी १९४९ पासून लोकप्रिय केली. लंडनमध्ये १९३०–४० या दशकात तयार झालेली ‘ॲकॉल’ पद्धती ब्रिटनमध्ये व राष्ट्रकुलातील अनेक देशांत पसरली. या काळात पद्धतीचा लेखक एक व वाचक असंख्य, अशी स्थिती होती. अपरिचित खेळाडूही पुस्तकाचे वा पद्धतीचे नाव घेऊन एकत्र खेळू शकत. स्वतंत्र टिपणांची त्यांना फारशी गरज भासत नसे.

संकेतांची वाढ : स्लॅमच्या बोलीपूर्वी भिडूचे एक्के विचारण्याचा ब्लॅकवुड संकेत (१९३३), बिनहुकूम बोलीनंतर चार पानी वरिष्ठ रंग विचारणारा, १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला स्टेमन संकेत आणि त्यानंतर आलेली रंगांतराची बोली यांमुळे पुस्तकी पद्धतींत भर पडत गेली. १९५७ ते १९६९ या काळात बर्म्यूडा बोल ही जागतिक स्पर्धा सलग दहा वेळा जिंकणाऱ्या इटालियन संघातील जोड्या सूक्ष्म तपशिलांच्या कृत्रिम पद्धती वापरीत. १९६९ च्या रीओ दे जानेरो येथील स्पर्धेत तैवानच्या संघाने ‘प्रिसिजन’ या बलाढ्य किल्वर पद्धतीच्या आधारे दुसरे स्थान मिळविले. अशा यशामुळे पुस्तकात नसलेले अर्थ ठरविणे ही गंभीर जोड्यांची नित्याची गोष्ट बनली आणि लेखकाची भूमिका जोडीकडे आली.

ही टिपणे प्रथम वह्यांत, नंतर टंकलिखित पानांवर कार्बनप्रतीसह लिहिली जात. त्यांतील मुख्य अडचण प्रतींच्या भिन्नतेची होती. एखाद्या स्पर्धेनंतर ठरलेला बदल एकाच्या वहीत नोंदला जाई व दुसऱ्याच्या राहून जाई. काही महिन्यांत दोन प्रती म्हणजे दोन पद्धती होत. सामूहिक लेखनाचा एक वेगळा प्रयोग अमेरिकेतील ब्रिज वर्ल्ड या मासिकाने केला. तज्ञांची व वाचकांची मते घेऊन बहुमताने ठरविलेली ‘ब्रिज वर्ल्ड स्टँडर्ड’ ही पद्धती १९६८ पासून प्रचारात आली व वेळोवेळी सुधारण्यात आली. मतांची देवाणघेवाण टपालाने होत असल्याने अशा प्रत्येक सुधारणेस दीर्घ काळ लागे.

नियम व नीती : डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांनुसार प्रत्येक जोडीने आपले परस्परसंकेत प्रतिस्पर्ध्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. संकेत चर्चेने ठरलेले असोत वा दीर्घ सहवासाने आपोआप रूढ झालेले असोत, दोन्ही नियमाच्या कक्षेत येतात. जागतिक ब्रिज महासंघाने (स्थापना १९५८) पद्धतींचे त्यांच्या असामान्यतेनुसार रंगांच्या नावांनी वर्गीकरण केले आहे.

या कठोरतेमागे कटू अनुभव आहेत. १९६५ मध्ये ब्वेनस एअरीझ येथील स्पर्धेत टेरेन्स रीस व बॉरिस शपीरो या ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांनी पाने कळविल्याचा आरोप झाला. जागतिक महासंघाने त्यांना दोषी ठरविले, तर ब्रिटनमधील चौकशीत १९६६ साली आरोप निःसंशयपणे सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. बर्म्यूडा येथील १९७५ च्या स्पर्धेत भिडूंना परस्परांची दृष्टादृष्ट होऊ नये, म्हणून टेबलावर तिरका पडदा प्रथमच वापरण्यात आला. तरीही त्याच स्पर्धेत एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचा ठपका आला. पडद्यामुळे संकेतलेखनावर एक अनपेक्षित परिणाम झाला. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक भिडू आपल्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला एकाच बोलीचा अर्थ स्वतंत्रपणे सांगू लागला. परिणामी दोघांच्या समजुतीतील तफावत प्रथमच स्पष्टपणे उघडकीस येऊ लागली.

या तफावतीचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १ बिनहुकूम या बोलीनंतर २ चौकट म्हणजे ‘माझ्याकडे पाच बदाम आहेत’ असे एका जोडीचे ठरले आहे. मध्येच प्रतिस्पर्ध्याने डबल दिल्यास हाच अर्थ कायम राहतो की २ चौकट म्हणजे खरोखरची चौकट, याविषयी दोघांच्या वह्यांत भिन्न नोंदी आहेत. एकजण चौकट समजून बोली लावतो. दुसरा प्रतिस्पर्ध्यांना ‘बदाम’ असे सांगतो. प्रतिस्पर्ध्यांची त्यामुळे दिशाभूल होऊन ते स्पर्धा-संचालकास बोलावतात. ठरलेला अर्थ बदामाचा असेल, तर स्पष्टीकरण बरोबर व बोली चुकीची ठरते आणि चुकीची बोली हा नियमभंग नव्हे. ठरलेला अर्थ चौकटीचा असेल, तर स्पष्टीकरण चुकीचे ठरते, तो नियमभंग होतो आणि नुकसान झालेल्या बाजूचे गुण बदलून दिले जातात. विरुद्ध पुरावा नसल्यास स्पष्टीकरणच चुकीचे होते असे संचालकाने गृहीत धरावे, असा नियम आहे. म्हणून स्पर्धेपूर्वी लिहिलेली, दोघांना मान्य असलेली एकच प्रत ही केवळ स्मरणाची सोय नसून न्यायनिर्णयाचा पुरावाही ठरते.

सामायिक संपादन : एकाच मजकुरावर दूर अंतरावरील दोन व्यक्तींनी एकाच वेळी काम करण्याचे प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे दाखविले. त्यातील मूलभूत अडचण ब्रिजच्या टिपणांच्या संदर्भात सहज समजते. एक भिडू परिच्छेदाच्या आरंभी तीन शब्द घालतो व त्याच क्षणी दुसरा शेवटचा आकडा बदलतो. पहिल्या बदलामुळे त्या आकड्याचे स्थान पुढे सरकलेले असल्याने दुसरी आज्ञा जशीच्या तशी अंमलात आणल्यास भलतेच अक्षर बदलेल. प्रत्येक आज्ञा तिच्यापूर्वी झालेल्या बदलांनुसार रूपांतरित करून मग लागू करावी, ही रीत एलिस व गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘विकी’मुळे कोणालाही बदलता येईल असे पान प्रचारात आले. रायटली हे संगणकजालावरील लेखनसाधन २००५ मध्ये निघाले. ते २००६ मध्ये गूगल कंपनीने घेतले व त्यातूनच गूगल डॉक्स ही सेवा विकसित झाली. अक्षरागणिक बदल सर्वांना तत्काळ दाखविणारे इथरपॅड २००८ मध्ये आले.

दरम्यान १९९० पासून संगणकजालावर ब्रिज खेळण्याची सोय झाल्याने निरनिराळ्या शहरांतील, किंबहुना देशांतील, खेळाडूंच्या जोड्या जमू लागल्या. प्रारंभी टिपणांची संचिका विद्युत् टपालाने पाठविली जाई. तीत कार्बनप्रतीचाच दोष निराळ्या रूपाने कायम राहिला. सामायिक मजकुरात प्रत एकच असल्याने तो दूर झाला. दोघांनी लिहिलेले वेगवेगळ्या रंगांत वा नावांनिशी दिसणे, मजकुराच्या कडेला शंका नोंदविता येणे, एका बोलीपासून तिच्या उत्तरांच्या प्रकरणाकडे जोडदुवा देता येणे आणि प्रत्येक बदलाचा दिनांक व वेळ आपोआप जतन होणे, हे त्याचे मुख्य फायदे होत. शेवटचा फायदा वर वर्णन केलेल्या पुराव्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. बोलींचा क्रम वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जात असल्याने टिपणे सामान्यतः पायरीपायरीने आत सरकविलेल्या ओळींत वा कोष्टकांत लिहितात.

मर्यादा : सामायिक लेखनाने प्रतींची भिन्नता नाहीशी होते, समजुतीची होतेच असे नाही. एका भिडूने रात्री केलेला बदल दुसऱ्याने न वाचल्यास मजकूर एक असूनही संकेत ठरलेला नसतो. म्हणून अनुभवी जोड्या ‘ठरलेले’ व ‘विचाराधीन’ असे भाग वेगळे ठेवतात आणि दोघांनी चर्चा केल्यावरच नोंद पहिल्या भागात नेतात. दुसरा दोष अतिविस्ताराचा. लिहिणे सोपे झाल्याने क्वचित उद्‌भवणाऱ्या प्रसंगांसाठीही संकेत रचले जातात व ऐन वेळी विसरले जातात. विसरलेल्या संकेताने होणारी हानी त्याच्या संभाव्य लाभापेक्षा पुष्कळदा अधिक असते. तिसरी मर्यादा अशी की, प्रदीर्घ टिपणे प्रतिस्पर्ध्यांना खुली केल्यानेच प्रकटनाचे कर्तव्य पुरे होत नाही. विचारलेल्या बोलीचा अर्थ थोडक्यात व सरळ सांगावाच लागतो.

साथीच्या रोगामुळे २०२० मध्ये प्रत्यक्ष स्पर्धा स्थगित होऊन अनेक स्पर्धा संगणकजालावर भरविण्यात आल्या, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. बोली व खेळ चालू असताना स्मरणास साहाय्य करणारे साधन, नियामक संस्थेने परवानगी दिल्याखेरीज, वापरता येत नाही. स्वतःचे संकेतपत्रक पाहण्यासही सामान्यतः मनाई असते. घरी बसलेल्या खेळाडूच्या पडद्यावर मात्र खेळ व टिपणे शेजारी शेजारी उघडी राहू शकतात आणि तेथे संचालकाची दृष्टी पोहोचत नाही. जालावरील खेळात बोली लावणाराच तिचा अर्थ भिडूला न दिसेल अशा रीतीने प्रतिस्पर्ध्यांना कळवितो, ही मात्र सुधारणा म्हणता येईल.

वही, पत्रक व सामायिक मजकूर या तिन्ही अवस्थांत संकेतलेखनाचे प्रयोजन बदललेले नाही. दोघांनी ठरविलेली भाषा दोघांनाही सारखीच समजावी आणि तिसऱ्यास व चौथ्यास तीविषयी विचारण्याचा हक्क असावा, हे ते प्रयोजन होय. साधनांनी यांपैकी लेखनाचा भाग सुकर केला. पाठांतराचा व सचोटीचा भाग पूर्वीप्रमाणेच खेळाडूंकडे राहिला आहे.