एल.सी.पी.एस. कुठे गेले?

घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना विचारून बघा, लहानपणी ताप आला की कुणाकडे नेत? त्या डॉक्टरांच्या पाटीवर नावापुढे बऱ्याचदा ‘एल.सी.पी.एस.’ असायचं. आता ही पाटी दिसत नाही. का, ते बघू.

मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, त्याची ही परीक्षा. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षं मेडिकल स्कूलमध्ये शिकायचं आणि दवाखाना टाकायचा. पुण्याचं बी.जे. हे १८७८ पासून असंच ‘स्कूल’ होतं, कॉलेज नव्हे. या डॉक्टरांना लायसेन्शिएट म्हणत.

आता आकडे बघा. सर जोसेफ भोर (जन्म नाशिकचा बरं का!) यांची समिती १९४३ साली नेमली गेली, अहवाल आला १९४६ मध्ये. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. त्यातले जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट. आठातले पाच! गावोगावची जनरल प्रॅक्टिस मुख्यतः हेच लोक चालवत होते.

आणि समितीच्या बहुमताने सांगितलं की हा अभ्यासक्रम बंद करा. यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, पदवीधर. काही सभासदांनी विरोध नोंदवला: मुळात डॉक्टर कमी, त्यात ही दारं का बंद करता? त्यांचं कुणी ऐकलं नाही. बी.जे. १९४६ साली कॉलेज झालं, नागपूरचं रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९४७ साली त्याच वाटेने गेलं.

पण समितीला शिव्या घालणं सोपं आहे हो. खुद्द लायसेन्शिएट तरी कुठे सुखी होते? सरकारी नोकरीत पगार कमी, आणि १९३३ च्या मेडिकल कौन्सिल कायद्याने तर त्यांना बाहेरच ठेवलेलं. ‘दुय्यम डॉक्टर’ हा शिक्का त्यांनाही पुसायचाच होता. पुढे काहींनी कंडेन्स्ड कोर्स करून एम.बी.बी.एस. मिळवलं.

माझ्या मते चूक झाली ती नंतर. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम बंद करण्याआधी तिचं काम नवीन सिस्टीम करतेय ना, हे तपासतात (निदान तपासावं असं म्हणतात!). इथे ते कुणी तपासलंच नाही. भोर समितीचा ‘बेसिक डॉक्टर’ गावात राहून रोग टाळायलाही शिकवणार होता. पण त्याला घडवलं मोठ्या हॉस्पिटलात, स्पेशालिस्टांच्या हाताखाली. जनरल प्रॅक्टिसचा विभागच नाही, मग तो जी.पी. व्हायला शिकणार कुणाकडून? एडिनबर्गला १९६३ साली या विषयाचा प्राध्यापक नेमला गेला, आपल्याकडे एम.डी. फॅमिली मेडिसिन आजही मोजक्याच ठिकाणी आहे. एम.बी.बी.एस. ही पी.जी.च्या वाटेवरची पायरी झाली, आणि गल्लीतला दवाखाना बऱ्याच ठिकाणी बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. डॉक्टरांनी सांभाळला.

छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा कोर्स काढला. डॉक्टर मंडळींचा विरोध, कोर्टकज्जे, काही वर्षांतच कोर्स बंद. मग २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात कलम ३२ आलं: ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना मर्यादित परवाना, संख्या एकूण परवानाधारक डॉक्टरांच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश. त्यावरही संप झाले. संपकऱ्यांचं म्हणणं होतं की गावकऱ्यांना अर्धशिक्षित डॉक्टर का? भोर समितीतल्या बहुमताचा रोखही काहीसा असाच होता.