पायाळू यंत्र

गुप्तधनाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी पायाळू माणसाची चौकशी होते. पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, असा जुना समज. हल्ली त्याच्या जागी मेटल डिटेक्टर आला आहे. हा पायाळू डोळ्यांत अंजन मागत नाही, नुसते सेल मागतो. त्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळते, खालच्या धातूकडून तिला ओ मिळते आणि यंत्र ‘पीं’ करतं. मात्र ओ देणारा राणीचा हार आहे की बैलाची नाल, हे दर वेळी खात्रीने सांगणं त्याला जमत नाही. आणि रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या शेतकरी गावात हारांपेक्षा नालाच जास्त हरवल्या असणार, हे कळायला पायाळू कशाला हवा?

तरी यंत्राला अगदीच हसू नये. २००० साली इंग्लंडात विंचेस्टरजवळ एका हौशी गृहस्थाला याच यंत्राने दोन हजार वर्षांपूर्वीचे सोन्याचे हार, कडी आणि ब्रोच मिळवून दिले. त्याने ते रीतसर कळवले. दागिने ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, त्याला ३,५०,००० पौंड मिळाले.

आमच्या जिल्ह्याला मोठं केलं ते मात्र तांब्याने. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा तिथून राज्य करत होती, हे कळलं १९३९ साली उजेडात आलेल्या ताम्रपटामुळे. दुसऱ्या विंध्यशक्तीने ब्राह्मणांना गाव दान दिल्याची ती नोंद. थोडी संस्कृतात, थोडी प्राकृतात. हा ताम्रपट सोन्याच्या मागे लागलेल्या एखाद्या घाईच्या माणसाला सापडला असता, तर ‘हात्तिच्या, तांबं!’ म्हणून तो थेट भांड्यांच्या दुकानात गेला असता. एक अख्खं राजघराणं किलोच्या भावाने मोडीत निघालं असतं!

म्हणून यंत्र वाजलं की कुदळीआधी कागद घ्यावा. आपला गुप्तधनाचा कायदा १८७८चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. धनी कुणी निघाला नाही आणि सरकारने ठेवा घेतला नाही, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारने घेतलाच, तर सोन्याची किंमत, वर तिचा पाचवा हिस्सा. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंतची कैद पदरात पडते.

पुरलेल्या धनावर नाग बसतो, असं आपली आजी सांगायची. इंग्रजांनी तिथे कलेक्टर बसवला. फरक एवढाच, की नागाकडे अर्ज करता येत नाही.