संत जोसेफ कॉलेज, रेन्सेलर : स्थापना, कार्य व अखेर

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या वायव्य भागात रेन्सेलर हे लहानसे नगर आहे. येथील संत जोसेफ कॉलेज या कॅथोलिक महाविद्यालयाने १८८९ ते २०१७ या काळात ज्ञानदानाचे कार्य केले. सव्वाशे वर्षांची ही संस्था एका निर्णयाने बंद झाली.

स्थापना

संत गास्पार देल बुफालो यांनी १८१५ साली इटलीत ‘मोलवान रक्ताचे मिशनरी’ या संघाची स्थापना केली. जर्मन भाषक स्थलांतरितांच्या सेवेसाठी या संघाचे धर्मगुरू १८४३ साली अमेरिकेत गेले आणि पुढे त्यांनीच हे महाविद्यालय उभारले. त्याआधी, १८८८ साली, संत कॅथरीन ड्रेक्सेल यांच्या देणगीतून तेथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली होती. घरादारापासून दूर आणलेल्या मुलांची ही शाळा १८९६ साली बंद पडली. तिची इमारत पुढे ‘ड्रेक्सेल हॉल’ या नावाने महाविद्यालयाच्या उपयोगी आली.

कार्य

आरंभी येथे केवळ मुलांनाच प्रवेश होता. १९६८ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९६९ साली सुरू झालेला ‘कोअर’ हा अभ्यासक्रम संस्थेचे भूषण ठरला. इतिहास, साहित्य, विज्ञान, तत्त्वज्ञान व धर्म हे विषय त्यात एकत्र गुंफले होते. विद्यार्थी विज्ञानशाखेचा असो वा वाणिज्य शाखेचा, सर्वांनी तो एकत्र बसून शिकावा, अशी योजना होती. १९४४ ते १९७४ या काळात शिकागो बेअर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाची उन्हाळी शिबिरेही येथेच भरत.

अखेर

संस्थेकडे देणगीदाखल मिळालेली हजारो एकर शेतजमीन होती. परंतु जमीन म्हणजे हाती असलेला पैसा नव्हे. विद्यार्थिसंख्या मर्यादित राहिली, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च व कर्जाचा भार वाढत गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मान्यता देणाऱ्या आयोगाने आर्थिक स्थितीच्या कारणास्तव संस्थेला निगराणीखाली ठेवले. कार्य चालू ठेवण्यास १० कोटी डॉलर लागतील, त्यांपैकी २ कोटी काही महिन्यांतच उभे करावे लागतील, असे विश्वस्तांनी सांगितले. अखेर ३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांनी कामकाज स्थगित करण्याचा ठराव केला. वर्षाच्या मध्यावर सुमारे ९०० विद्यार्थ्यांना दुसरे महाविद्यालय शोधावे लागले आणि अध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मे महिन्यात अखेरचा पदवीदान समारंभ झाला.

इंडियानापोलिस येथील मेरियन विद्यापीठाने २०१९ साली संत जोसेफ यांच्या नावाने दोन वर्षांचे महाविद्यालय सुरू केले. नाव टिकले; परंतु रेन्सेलरच्या वर्गांत एकत्र बसून शिकण्याची ती परंपरा तेथून हलविता आली नाही. दानशूरांनी दिलेली मालमत्ता संस्था उभी करते. ती चालती ठेवण्यासाठी मात्र दरवर्षी येणारे विद्यार्थी व वेळीच मांडलेला चोख हिशेब लागतो, हे या इतिहासावरून ध्यानी येते.