देवगिरीची अंधारी : शालेय सहल आणि भयाचा इतिहास

सिल्लोड हे अजिंठा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. तेथील शाळांना अजिंठ्याची लेणी जवळ असली तरी शैक्षणिक सहलीत वेरूळसोबत देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला बहुधा असतोच. सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यास किल्ल्यावर काय पाहिले असे विचारावे, तर पहिले उत्तर येते ते 'अंधारी'. भीती अनुभवण्यासाठी पाहिली जाणारी ही वास्तू इतिहासाच्या अध्यापनास कितपत उपकारक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खंदक ओलांडल्यानंतर लागणारा, कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी मार्ग म्हणजे अंधारी. पायऱ्या उंचसखल, हवा कोंदट, त्यात वटवाघळांचा उग्र दर्प. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठेवून त्यावर अग्नी पेटवण्याची व आत धूर कोंडण्याची योजना होती. मार्गदर्शक उजेड घालवतो, मुले किंचाळतात. मग शत्रूचे सैनिक अंधारात आपल्याच माणसांवर कसे तुटून पडत, उकळते तेल कसे ओतले जाई, याचे वर्णन रंगते. दुर्गरचनेचा हा असामान्य नमुना आहे, यात शंका नाही. तथापि या किल्ल्याचे भवितव्य ज्या प्रसंगी ठरले, ते अंधारीत ठरले नाही. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवरायास नमावे लागले ते अन्नटंचाईमुळे. धान्य समजून मिठाची पोती गडावर चढवली गेल्याची कथा फेरिश्ता देतो. 1633 मध्ये महाबतखानाने किल्ला घेतला तो सुरुंग आणि उपासमार यांच्या बळावर. भूक मात्र मुलांना दाखवता येत नाही!

खरी भीषणता साधनग्रंथांत आहे. मोहंमद तुघलकाच्या काळात येथे आलेला इब्न बतूता दौलताबादच्या कैदखान्यातील उंदरांविषयी लिहितो : ते मांजराहून मोठे होते व मांजरेच त्यांना भीत. मलिक खत्ताब या अफगाण सरदाराने स्वतः तेथील उंदरांच्या खड्ड्यात काढलेल्या रात्री त्यास सांगितल्या. शेजारच्या खड्ड्यातील कैद्याची बोटे व डोळे उंदरांनी खाल्ले, तो मरण पावला, तेव्हा कुठे खत्ताबास बाहेर काढण्यात आले. 1318 मध्ये यादवांचा जावई हरपालदेव याची कातडी सोलून त्यास ठार करण्यात आले. 1629 मध्ये याच दौलताबादेत निजामशहाच्या आज्ञेने लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. शिवरायांच्या जन्माला तेव्हा सुमारे सात महिने अवकाश होता. जिजाऊंचे चरित्र प्राथमिक वर्गापासून शिकलेली मुले या किल्ल्यात वावरतात. त्यांच्या माहेरचा घात इथेच झाला, हे मात्र त्यांच्या कानी क्वचितच पडते.

दोन्ही प्रकारच्या भीतीत मूलभूत अंतर आहे. अंधारीतील भीतीला नाव नाही, साल नाही. मरणारा तो 'शत्रू', म्हणून मुले हसतहसत बाहेर पडतात. खत्ताबाच्या भीतीला माणूस आहे. त्याचा शत्रू बाहेरून आलेला नसून त्याला कैदेत टाकणारी सत्ताच आहे, आणि म्हणूनच ती कथा मार्गदर्शकास गैरसोयीची वाटत असावी. बालमनाचा विचार करता हे प्रसंग टाळावेत, असा आक्षेप संभवतो. पाचवीच्या वर्गापुरता तो मान्य करता येईल. नववीच्या विद्यार्थ्यास मात्र खोट्या मगरींपेक्षा खरे उंदीर अधिक शिकवतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सिल्लोडहून किल्ला सुमारे 80 किलोमीटर. बसमधील त्या वेळात इब्न बतूताचा उतारा वाचून दाखवता येईल. अंधारीत शिरण्यापूर्वी चिनी महालापाशी थांबणेही शक्य आहे : गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा 1687 च्या पराभवानंतर मृत्यूपर्यंत तेथे औरंगजेबाच्या कैदेत होता. त्या भिंतींवर निळ्या चिनी फरशांचे थोडे तुकडे अजून दिसतात.