शीड आखडण्याची विद्या

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी पाहावयास जाणाऱ्या मनुष्याच्या मनात समुद्राचा विचार सहसा नसतो. तथापि तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख आहे, त्यात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व डहाणुका या नद्यांवर त्याने नावांचे मोफत उतार ठेवल्याचे नमूद आहे. २० क्रमांकाच्या लेण्यात यज्ञश्री सातकर्णीच्या कारकीर्दीच्या ७ व्या वर्षाचा लेख आहे. आणि याच यज्ञश्रीच्या नावाची, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र असलेली नाणी पूर्व किनाऱ्याकडे मिळाली आहेत. राजाने जहाज नाण्यावर उठविले खरे. परंतु भर समुद्रात वारा अनावर झाला म्हणजे त्या जहाजावरील तांडेल काय करीत असे, हे ना नाणे सांगते, ना लेख. आमचे इतिहासकारही आरमाराच्या तोफा मोजतात, किल्ल्यांचे बुरूज मोजतात. शिडाकडे मात्र त्यांची दृष्टी क्वचितच जाते. वस्तुतः नौकेचे जीवित तोफेपेक्षा शिडावरच अधिक अवलंबून असते.

याचे कारण सोपे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील त्याचा दाब दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी १० सागरी मैलांच्या वाऱ्यात जे शीड नौकेस सुखाने नेते, तेच २० मैलांच्या वाऱ्यात तिला एका कुशीवर कलंडविते, आणि मग सुकाणूही जुमानेनासे होते. यावर मनुष्याने तीन उपाय शोधले: वादळाच्या ऋतूत बंदरातच राहणे, मोठे शीड उतरवून लहान चढविणे, आणि असलेलेच शीड आखडून लहान करणे.

पहिला उपाय आमच्या कोकणच्या हाडीमासी खिळलेला आहे. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात लोटावयाची नाही, ही रूढी केवळ श्रद्धेची नव्हे, अनुभवाचीही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात पावसाळ्याच्या छावणीचा विचार केलेला आहे. ज्या वाऱ्याशी झुंजता येत नाही त्याची वाट सोडून उभे राहणे, यात भ्याडपणा नाही, हे त्या राजकारणी पुरुषास पक्के ठाऊक होते.

दुसरा उपाय गलबतांचा. १८ व्या शतकातील इतिहासकार ऑर्म याने आंग्र्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे. त्यावरून दिसते की, मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे आणि ते उभारले म्हणजे त्याचा शेंडा डोलकाठीच्याही बराच वर जाई. जोडीला ४० ते ५० वल्ही असत. तिरप्या काठीला बांधलेले असे शीड सहसा आखडता येत नाही. म्हणून या जातीच्या नौका लहानमोठी शिडे बरोबर ठेवीत. वारा वाढला की काठी खाली घ्यावयाची, मोठे शीड सोडून लहान बांधावयाचे, आणि पुन्हा वर चढवावयाचे. हे काम दहा-वीस बळकट हातांचे आहे.

तिसरा उपाय युरोपच्या वादळी समुद्रात विशेष वाढीस लागला. तेथील चौकोनी शिडांवर आखूड दोऱ्यांच्या ओळी शिवलेल्या असत; खलाशी उंच आडव्या काठीवर ओणवे होऊन कापड वर ओढीत आणि त्या दोऱ्यांनी बांधून टाकीत. त्या काठीवरून किती जण समुद्रात पडले असतील, त्याची गणती नाही. आजच्या त्रिकोणी शिडाच्या नौकेवर हेच काम एकटा मनुष्य डोलकाठीच्या बुंध्याशी उभा राहून करू शकतो. ती मांडणी पाहण्याजोगी आहे.

शिडाच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते तिला आपण तळकाठी म्हणू. शिडाच्या पुढल्या व मागल्या कडेवर, तळापासून काही उंचीवर, एकेक भक्कम कडी बसविलेली असते. अशा दोन-तीन जोड्या एकावर एक असतात. मागल्या कडीतून ओवलेला दोर तळकाठीच्या टोकाकडील कप्पीवरून पुढे हाताशी आणलेला असतो. वारा वाढताच तळकाठी आवरणारा दोर सैल सोडून शिडातील वारा प्रथम काढावा, मात्र तळकाठी खाली कोसळू नये म्हणून तिला वरून आधार असावा. मग शीड उचलून धरणारा दोर खुणेपर्यंत सोडून पुढली कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवावी, तो दोर पुन्हा ताठ करावा, आणि शेवटी मागल्या कडीचा दोर खेचून ती तळकाठीस टेकवावी. ही ओढ खाली तशीच मागेही हवी. ती मागे नसली तर शिडाला पोट सुटते, आणि असे शीड नौकेस अधिकच कलंडविते. मधले लोंबते कापड लहान दोऱ्यांनी सैलच बांधावे. ताण त्यांच्यावर आला तर कापड तेथेच फाटते.

या विद्येचे फळ आमच्याच किनाऱ्यावर पाहावयास मिळाले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी, नारळी पौर्णिमेनंतर पंधरवड्याने, मुंबईहून एकटे निघाले. चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा स्त्रिया 'तारिणी'तून जगाभोवती जाऊन आल्या.

परंतु याच टॉमींची 'थुरिया' सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने उलथविली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. विद्या कितीही पक्की असली तरी समुद्र तिचा बांधील नसतो. म्हणूनच जाणत्या दर्यावर्दींचा नियम असा आहे की, शीड आखडावे काय, हा प्रश्न मनात प्रथम उभा राहील त्याच क्षणी ते आखडावे. वारा चौपट जोर करू लागल्यावर तेच काम चौपट कठीण झालेले असते.

आंग्र्यांच्या तांडेलास हा क्षण आकाशाच्या रंगावरून व दोराच्या ताणावरून कळत असला पाहिजे. त्याने तो कागदावर उतरविला नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी त्याला विचारले नाही. किनाऱ्यावरील जुन्या नाखव्यांची घरे अजून आहेत. त्यांच्या वृद्धांच्या आठवणीतून शीड बदलण्याची जी रीत आजही सांगितली जाईल ती लिहून घेणे, हे इतिहासाचेच काम आहे. आणि तेही वारा वाढण्यापूर्वीच केले पाहिजे.