ताहराबादची पोथी आणि ॲबट साहेब



चातुर्मासात गावोगावच्या देवळांत भक्तविजयाची पोथी लागते. चोखोबा, गोराबा, जनाई, सावतोबा यांच्या कथा आपल्या कानांवर पहिल्यांदा पडल्या त्या महिपतीबुवांच्या ओवीतून. बुवा (१७१५–१७९०) नगर जिल्ह्यातल्या ताहराबादचे, पंढरीचे वारकरी. भक्तविजय त्यांनी १७६२ साली पुरा केला आणि भक्तलीलामृत १७७४ साली. हीच पोथी पुढे सातासमुद्रापार गेली. ती नेली कोणी? एका पाद्री साहेबाने!

त्यांचं नाव जस्टिन ॲबट. जन्म १८५३ सालचा, अमेरिकेतला. वडील एमॉस ॲबट हेही मिशनरी, नगर भागात काम केलेले. जस्टिनसाहेब १८८१ मध्ये मुंबईला मिशनच्या कामावर आले आणि १९१० साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. माणूस आता आराम करील असं कोणालाही वाटावं. पण मराठी संतांनी त्यांना सोडलं नाही.

सत्तरी उलटल्यावर त्यांनी 'महाराष्ट्राचे संतकवी' ही इंग्रजी ग्रंथमाला काढली. १९२६ साली भानुदास, १९२७ साली एकनाथ, मग दासोपंत, १९२९ साली बहिणाबाई, १९३० साली तुकाराम. शिऊरच्या बहिणाबाई म्हणजे तुकोबारायांच्या शिष्या. नवऱ्याचा मार, लोकांची बोलणी सोसून त्यांनी आपलं आयुष्य अभंगांत सांगितलं. एका मराठी बाईचं हे दुःख आणि ही भक्ती साहेबांमुळे परदेशी वाचकांच्या हाती गेली.

इथं एक खरं बोललं पाहिजे. साहेब माळकरी झाले नाहीत, अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिले. ते इकडे आले होते ते आपला धर्म सांगायला. तेव्हा काही जण म्हणतात, "त्यांचं कौतुक आपण कशाला करायचं?" प्रश्न रास्त आहे. पण त्यांचं काम पाहावं. महिपतीबुवांनी लिहिलेले चमत्कार त्यांना पटत असोत वा नसोत, त्यांनी ते गाळले नाहीत. कथा जशी होती तशी पुढे दिली. दुसऱ्याच्या देवाबद्दल लिहिताना एवढा प्रामाणिकपणा ठेवणं सोपं नाही.

१९३२ साली साहेब वारले. भक्तविजयाचं इंग्रजी पुस्तक तेव्हा छापून यायचं होतं. त्यांचे सहकारी पंडित नरहर गोडबोले आणि एडवर्ड्‌स साहेब यांनी काम पुढे नेलं. १९३३ आणि १९३४ मध्ये भक्तविजय दोन भागांत निघाला, १९३५ मध्ये भक्तलीलामृतातला भाग.

दिंडीत वीणा खाली ठेवत नाहीत. एक थकला की दुसरा गळ्यात घेतो. इथंही तसंच झालं. आपल्या दिंडीची शंभर वर्षंही अशीच सरली.

आता आपल्या घरची पोथी पाहू. ती फडक्यात बांधून माळ्यावर पडली असेल, तर आधी खाली काढावी. परक्याने जी एवढ्या कष्टाने वाचली, ती आपल्या लेकरांना निदान ऐकू तरी यावी.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!